पाखाडीवरची पावले

दापोली सोडून हर्णैच्या रस्त्याला लागले की आसूदच्या वळणांवर हवा बदलते. पोफळीच्या बागांचा ओलसर गारवा अंगावर येतो. पुढे हर्णैपाशी एकदम समुद्र दिसतो आणि समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग. तेथून जोग नदीची खाडी पुलावरून ओलांडली की आंजर्ले आले. आपल्यापैकी अनेकांनी येथील कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतले असेल. हल्ली गाडी थेट देवळाजवळ जाते. त्यामुळे उजव्या सोंडेच्या गणपतीचे दर्शन घडते, कड्यावरून समुद्र दिसतो, पण गाव पाहायचे राहून जाते. आज मी आपल्याला जुन्या वाटेने नेणार आहे, पाखाडीने.

ज्यांनी कोकणातील पाखाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाखाडी म्हणजे जांभ्या चिऱ्यांची, पायरीपायरीने चढत जाणारी वाट. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यांपलीकडे माडा-पोफळीची आगरे आणि मधूनमधून एखाद्या घराचे बेडे. चिरा तांबडा, सच्छिद्र, पाणी पिणारा. पावसाळा संपेपर्यंत त्यावर शेवाळाची मऊ साय धरते.

या पाखाडीवर आणि तिच्या कडेच्या एका घरात माझ्या आत्याची दोन हाडे मोडली. पहिले मोडले ते मनगटाचे. त्याचा अर्थ मला, म्हणजे तिच्या डॉक्टर भाच्याला, समजला नाही. दुसरे मोडले ते खुब्याचे. या दोहोंमध्ये चार वर्षे गेली, आणि त्या चार वर्षांविषयीच मला आपल्याशी बोलायचे आहे.

शेवाळाची पायरी

सहा वर्षांपूर्वीचा श्रावण. आत्या तेव्हा सत्तर वर्षांची होती. सकाळी फुले काढून येताना बेड्याबाहेरच्या पायरीवर तिचा पाय घसरला. तोल सावरण्यासाठी तिने हात टेकला आणि मनगट मोडले. तालुक्याच्या गावी प्लास्टर घातले गेले. पुढे ती पुण्यास आमच्याकडे आली, तेव्हा ते मीच आमच्या अस्थितज्ज्ञ मित्राकडून काढून घेतले. हाड छान जुळले होते. मी म्हणालो, ''आत्या, त्या पायरीवर वाळू टाकायला हवी. फार निसरडी आहे.''

ती हसून म्हणाली, ''पायरीला कशाला नावं ठेवतोस? पन्नास वर्षं मी तिच्यावर घसरते आहे. आजवर कधी हाड मोडलं नव्हतं.''

मीही हसलो. आज ते वाक्य आठवले की वाटते, रोगाचे निदान रुग्णानेच केले होते. डॉक्टरने ते ऐकले नाही.

वैद्यकशास्त्रात एक साधी कसोटी आहे. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडल्याने निरोगी प्रौढ माणसाचे हाड सहसा मोडत नाही. खरचटते, मुका मार लागतो, सूज येते. पन्नाशीनंतर अशा साध्या पडण्याने मनगट, मणका, दंड किंवा खुबा मोडला, तर दोष केवळ पायरीला देऊन चालत नाही. हाड आतून ठिसूळ झाले आहे काय, हे पाहावेच लागते. असा एक अस्थिभंग झाला की पुढच्या अस्थिभंगाचा धोका सुमारे दुप्पट होतो. म्हणून मनगटाचे हाड मोडणे हे पुष्कळदा खुब्याने आगाऊ पाठविलेले पत्र असते. माझ्या हाती ते पत्र आले होते. मी ते न उघडता ठेवून दिले.

हे दुखणे विरळ नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांपैकी सुमारे तिघींतील एकीला आणि पुरुषांपैकी सुमारे पाचांतील एकाला उर्वरित आयुष्यात ठिसूळ हाडांमुळे अस्थिभंग होतो, असा जागतिक अंदाज आहे. पुरुष वाचकांनी या ओळीवर क्षणभर थांबावे. ''हे बायकांचे दुखणे'' म्हणून आपण ते बाजूला सारतो. परंतु खुबा मोडल्यानंतर पुरुषांतील मृत्यूचे प्रमाण स्त्रियांपेक्षा अधिक असते.

वासे आणि वाळवी

आता बेडे सरकवून आत या. समोर सारवलेले अंगण, मग ओटी, आत माजघर, उजवीकडे देवघर, मागे पडवी आणि पडवीपलीकडे न्हाणी. वर पाहिलेत तर कौलांखाली वासे आणि तुळया दिसतील. कोकणातील माणसाला वाळवी काय करते हे सांगावे लागत नाही. वासा बाहेरून तसाच दिसतो. रंग तोच, जाडी तीच. सुतार येतो, हातातल्या हत्याराच्या मागच्या बाजूने वाशावर टकटक करतो आणि आवाजावरून सांगतो, ''हा पोकळ झाला.''

हाडाचे असेच असते. हाड म्हणजे जन्मभर तसाच राहणारा दगड नव्हे. त्यातील जुना भाग सतत काढला जातो आणि तेथे नवा भरला जातो. साधारण तिशीपर्यंत भरणी अधिक होते. पुढे काही वर्षे जमाखर्च बरोबरीचा राहतो. नंतर खर्च वाढतो. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो झपाट्याने वाढतो, कारण हाडांना जपणारे इस्ट्रोजेन कमी होते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, जेथे ते खुब्याच्या खोबणीत बसते, तेथे आत हाडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. छपराचा भार वाशांनी वाहावा तसा शरीराचा भार ती वाहते. या पट्ट्या एकेक करून बारीक होतात, तुटतात. आणि दुखत काहीच नाही. ठिसूळपणा स्वतः दुखत नाही, दुखते ते हाड मोडल्यावर.

तरीही घर काही खुणा दाखवीत असते. माजघरात एक लाकडी फळी आहे. तिच्यावर पोह्यांचा डबा असतो. मनगट मोडल्यानंतरच्या वर्षी आत्या तो डबा काढायला पाट घेऊ लागली. आम्ही म्हटले, वय झाले, वाकली. वास्तविक तिची उंची कमी झाली होती. तरुणपणीच्या उंचीपेक्षा सुमारे ४ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उंची घटली असेल, तर पाठीचे मणके आतल्या आत चेपले असण्याची शक्यता असते. आपल्याकडे कुणाला फळीवरचा डबा पुरेनासा झाला असेल, पातळाचा घोळ एकाएकी जमिनीवर लोळू लागला असेल, पाठीला पोक येऊ लागले असेल, तर ते केवळ म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका.

सुताराच्या टकटकीसारखी एक तपासणी आपल्यापाशी आहे. तिला डेक्सा म्हणतात. खुबा व कंबरेचे मणके यांची घनता ती मोजते. टेबलावर निजून राहायचे. दहा-पंधरा मिनिटे लागतात, सुई नाही, वेदना नाही, क्ष-किरणांची मात्रा अगदी अल्प असते. अहवालात ''टी-स्कोअर'' नावाचा आकडा असतो. तरुण निरोगी माणसाच्या सरासरी घनतेशी केलेली ती तुलना. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या दरम्यान घनता कमी, उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडांचा ठिसूळपणा. परंतु केवळ आकड्यावर विसंबू नये. साध्या पडण्याने एकदा खुबा किंवा मणका मोडला असेल, तर आकडा काहीही असो, उपचारांचा विचार करावाच लागतो.

साधारणपणे पासष्टीनंतर प्रत्येक स्त्रीने आणि सत्तरीनंतर प्रत्येक पुरुषाने ही तपासणी करून घ्यावी. आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल, रजोनिवृत्ती लवकर आली असेल, संधिवात वा दम्यासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, वजन फार कमी असेल, तंबाखू-विडी वा मद्य यांची सवय असेल, तर त्याही आधी डॉक्टरांना विचारावे.

सव्वीस पावले

माजघरातील आत्याच्या खाटेपासून मागच्या न्हाणीपर्यंतची पावले मी नंतर मोजली. ती सव्वीस भरली. त्या सव्वीस पावलांत दोन उंबरठे, पडवीत उतरणारी एक पायरी, एक गोधडीचे पायपुसणे आणि न्हाणीच्या तोंडाशी नेहमी ओली राहणारी शहाबादी फरशी. दिव्याचे बटण मात्र दाराजवळ, म्हणजे सातव्या पावलावर.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात, पहाटे तीनच्या सुमारास ती उठली. दुसऱ्या उंबरठ्याला पाऊल अडले आणि ती उजव्या कुशीवर पडली. घरात दुसरे कुणी नव्हते. आतोबांना जाऊन दीड वर्ष झाले होते, आतेभाऊ मुंबईस. उजाडल्यावर फुलांसाठी आलेल्या शेजारणीने हाक मारली तेव्हा आतून क्षीण ओ आली. थंडीत, सारवलेल्या जमिनीवर, पांघरुणाशिवाय चार तास.

येथे मला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आतोबा गेल्यानंतर तिला झोप लागेना, म्हणून मी झोपेची गोळी लिहून दिली होती. पंधरा दिवसांसाठी. तो कागद जपून ठेवला गेला आणि त्यावर पुढे महिनोन्महिने गोळ्या येत राहिल्या. ''घेतेस का अजून?'' असे मी एकदाही विचारले नाही. रात्री अर्धवट गुंगीत उठणारे वृद्ध, अंधार आणि उंबरठा. हाड मोडायला याहून अधिक काही लागत नाही. झोपेच्या, रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्यांनी तोल जाण्याची वा उभे राहताच चक्कर येण्याची शक्यता वाढते. म्हणून घरातील वृद्धांच्या सगळ्या गोळ्या वर्षातून किमान एकदा पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओताव्यात आणि विचारावे, यांतील कोणती आता नको? मात्र झोपेची गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. ती हळूहळू कमी करावी लागते.

पडल्यानंतर माणसाला उभे राहता येत नसेल, जांघेत तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल, तर खुबा मोडला आहे असेच धरून चालावे. ओढून उभे करू नये. चोळू नये, शेकू नये. पाय आहे त्या स्थितीत उशांनी आधार देऊन, फळीवर वा स्ट्रेचरवर घेऊन, क्ष-किरण व शस्त्रक्रियेची सोय असेल तेथे न्यावे. आत्याच्या बाबतीत पहिला दिवस गावातील कुणाच्या तरी सल्ल्याने लेप लावण्यात गेला. दुसरा गाडी आणि पैसे यांच्या जुळवाजुळवीत. शस्त्रक्रिया चौथ्या दिवशी झाली. ती दोन दिवसांच्या आत व्हावी, असे सांगितले जाते आणि त्यास कारण आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, शय्याव्रण, लघवीचा जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, भ्रम यांपैकी काहीही गाठू शकते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतील एक किंवा त्याहूनही अधिक जण वर्षभरात दगावतात. जे वाचतात त्यांतील पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही. ''या वयात कशाला कापाकापी?'' असे नातेवाईक मला विचारतात. शस्त्रक्रिया या वयात करतात ती माणूस लवकर उठून बसावा म्हणूनच.

आत्या वाचली. भ्रमात तिने तीन दिवस मला आतोबांच्या नावाने हाक मारली. मग शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा विचारले, ''देवाला फुलं कोण घालतंय?''

घराने काय बदलले

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या खुब्याची घनता मोजली. टी-स्कोअर उणे ३.१. हा आकडा मला चार वर्षे आधी कळू शकला असता. रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासून तिला वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषध सुरू केले. याच प्रकारच्या औषधाची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळीही असते. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. सहा महिन्यांनी टोचायचे एक इंजेक्शन असते. त्याची तारीख चुकवू नये, कारण ते मध्येच बंद केल्यास हाडांची झीज वेगाने परतते. कोणते औषध कुणाला, हे डॉक्टर ठरवतील. ही औषधे सुरू करण्यापूर्वी दातांची काही मोठी कामे असतील तर ती उरकून घ्यावीत.

आहाराचे म्हणाल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर गाईच्या दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० असते. एका भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ धरले तर पावणेदोनशे. आत्याच्या घरात नाचणी पिढ्यान्‌पिढ्या होती. मध्यंतरी ती ''गरिबांचे धान्य'' म्हणून मागे पडली आणि सकाळी चहा-टोस्ट आला. आता पुन्हा नाचणीची भाकरी, दोन वाट्या दही, उसळ, तिळाची चटणी असा बेत आहे. ज्यांना चालते त्यांनी काट्यासकट खाता येणारी लहान मासळी घ्यावी. प्रथिने विसरू नका. नुसत्या वरणभातावर स्नायू टिकत नाहीत, आणि पडताना तोल सावरतात ते स्नायूच.

सूर्य तर आपल्याकडे उदंड, तरी ड जीवनसत्त्वाची कमतरता भारतात फार आढळते. आगराच्या गर्द सावलीत आणि माजघरात दिवस काढणाऱ्या आत्याचेही तसेच झाले होते. डॉक्टर देतील त्या मात्रेत ते घ्यावे. मात्र पुड्या आपल्या मनाने महिनोन्महिने घेऊ नयेत. अतिरेकही घातक असतो.

मग आम्ही ती सव्वीस पावले सुधारली. खाटेशेजारी हाताला लागेल असे दिव्याचे बटण आले. रात्रभर मंद दिवा राहू लागला. पायपुसणे गेले. उंबरठा काढायला आत्या तयार नव्हती. ''उंबरठ्याशिवाय घर कसले?'' म्हणाली. तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी उतरण करून कडेला पिवळा पट्टा रंगवला. न्हाणीत खरखरीत फरशी, भिंतीला दोन पक्के दांडे, बसायला खुर्ची. पायात गुळगुळीत सपातेऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर पडली होती, ती उरकली. रात्री सोबतीला शेजारची मुलगी येऊ लागली. औषधाच्या एका सलाइनपेक्षा हे सारे थोडे कमी शास्त्रीय वाटेल. पण खुब्याचे बहुतेक अस्थिभंग पडण्यानेच होतात, आणि न पडलेल्या माणसाचा खुबा सहसा मोडत नाही.

घरी करून पाहण्याजोगी एक चाचणीही सांगतो. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे, बसायचे. आधाराला कुणीतरी जवळ असावे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून डॉक्टरांशी बोलावे.

गणपतीचे पाऊल

येथून जवळच मुरूड आहे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. विद्यार्थिदशेत ते परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे ते १०४ वर्षे जगले. एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी भार पडल्याने हाड आणि स्नायू टिकून राहतात, हे शास्त्र सांगतेच. खुबा मोडलेल्या माणसाला घरचे प्रेमाने सांगतात, ''आता बसून राहा.'' त्या प्रेमाने हाडे आणखी झिजतात, मांड्या बारीक होतात आणि पुढचे पडणे जवळ येते. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर क्षणभर तोलणे, रोजचे चालणे, हे हळूहळू वाढवीत न्यावे. मणके चेपलेले असतील तर खूप पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत.

गेल्या माघात मी आंजर्ल्यास गेलो होतो. पाखाडी कोरडी, स्वच्छ होती. या वाटेवर कड्याकडे चढताना एका ठिकाणी गणपतीचे पाऊल दाखवतात. देवाने डोंगरावर जाताना येथे पाय टेकला, अशी श्रद्धा आहे. आत्या म्हणाली, ''पावलापर्यंत नेशील?'' तिच्या एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. प्रत्येक पायरीवर चांगला पाय आधी, मग शस्त्रक्रियेचा. पूर्वी ती परडी घेऊन ज्या वाटेने झपझप जात असे, तेथे आम्हाला पंचवीस मिनिटे लागली. तिने पावलावर जास्वंद वाहिले. पुढे देवळापर्यंत ती आता पायी जाणार नाही. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. येताना ती शेवाळाच्या त्या जुन्या पायरीपाशी थांबली, काठीने तिला टोचले आणि म्हणाली, ''बघ, अजून तशीच आहे.''

वाचकहो, आज रात्री आपल्या घरातील वृद्धांच्या अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतची पावले मोजा, दिवा न लावता. आणि त्यांना एवढे विचारा: गेल्या काही वर्षांत साध्या पडण्याने एखादे हाड मोडले होते काय? उत्तर ''हो'' असेल, तर येत्या आठवड्यातच त्यांना घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी पायरीला दोष दिला, तर त्यांना घनतेची तपासणी करण्याची आठवण करून द्या. मला तशी कुणी करून दिली असती, तर बरे झाले असते.